तिनं मराठीत सांगितलं होतं

२०२२ साल. मी तेव्हा त्र्याहत्तर वर्षांचा होतो. म्हणजे लहान नव्हतो, नासमज नव्हतो, हे आधीच लिहून ठेवतो. आता जे लिहितो आहे ते माझ्या मुलाला माहीत नाही, सुनेला नाही, आणि जिच्यावर गुजरलं तिलाही नाही. विहारात डोळे मिटून बसतो तेव्हासुद्धा मन त्या दिवसाला वळसा घालून जातं. आज जाऊ देणार नाही म्हणतो — बघू, किती जमतं.

मी नागपूरकडचा. कोळशाच्या खाणीत एकतीस वर्षं काढली. शाळा चौथीपर्यंत. मुलगा प्रशांत शिकला, इंजिनियर झाला, इकडे परदेशात, ग्वेल्फला घर घेतलं, आणि त्याची आई गेल्यावर मला घेऊन आला. बेसमेंटमधली खोली माझी. हिवाळ्यात दारापुढच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ मीच फावड्यानं काढतो, कोणाला हात लावू देत नाही.

आणि इंग्रजी. मला इंग्रजी येत नाही असं मी कोणाला म्हणू दिलं नाही. बोलता फारसं येत नाही, पण कळतं — दहा-अकरा वर्षं कानावर पडलं की दगडालाही कळेल. प्रशांत बँकेत, दवाखान्यात पुढं होऊन सांगायचा की माझ्या वडिलांना इंग्रजी समजत नाही. मला राग यायचा. एकदा त्यावरून दोन दिवस जेवलो नाही. हट्टी आहे मी. खाणीतले लोकही तेच म्हणायचे, आणि खरं सांगू? मला ते आवडायचं.

माझी नात संघमित्रा. घरी मित्रा, टीममध्ये सगळ्या पोरी तिला सॅम म्हणायच्या. कॉलेजच्या सॉफ्टबॉल टीममध्ये ती कॅचर होती. ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांना एवढं सांगतो — चेंडू क्रिकेटच्या चेंडूपेक्षा मोठा, टाकणारी पोरगी हात खालून फिरवून टाकते, पण असा टाकते की दिसत नाही. आणि बॅटवालीच्या मागं उकिडवी बसून, तोंडावर जाळी बांधून जी तो झेलते ती कॅचर. आपल्या विकेटकीपरसारखी, पण तिच्याहून जवळ. इतकी जवळ की बॅट तिच्या तोंडावरून फिरते.

मला या खेळाचा नाद लागला. तिच्यामुळं लागला, पण नंतर खेळासाठी लागला. इकडे कॉलेजचे सामने सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये असतात, शनिवारी एकामागे एक दोन. मी सकाळीच डबा, थर्मास आणि घोंगडी घेऊन जायचो, कारण लोखंडी बाक ढुंगणाला बर्फासारखा लागतो. कुंपणाजवळची पहिली जागा माझी. बाहेरच्या गवतात रानबदकं हगून ठेवायची, पोरी त्यातून धावायच्या. कॅचर खुणा करते — मांडीखाली बोटं दाखवते, एक, दोन, चार — त्यावरून टाकणारी ठरवते, चेंडू कसा टाकायचा. त्यातल्या बऱ्याच मला कळू लागल्या होत्या. कळाल्या की मी बाकावर एकटाच हसायचो. बाकीच्या आईबापांना वाटायचं, म्हातारा येडा आहे.

पण माझा एक राग होता. मित्रा मराठी बोलायची नाही. समजायची सगळं. मी मराठीत विचारायचो, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. लहानपणी मी म्हणायचो, मराठीत बोलल्याशिवाय चॉकलेट नाही. तर ती चॉकलेट सोडायची. तीही हट्टीच. पंधरा वर्षांची झाली तेव्हापासून तिच्या तोंडून 'आबाजी' या एका शब्दापलीकडे मराठी मी ऐकली नव्हती.

आता मेश्रामजी. आमच्या इकडच्या मंडळात आम्ही चार-पाच म्हातारे आहोत, महिन्यातून एकदा भेटतो. मेश्रामजी बँकेतून ऑफिसर म्हणून रिटायर झालेले. माणूस चांगला, पण जीभ तिखट. दोन वर्षं मी त्यांना मित्राचं सांगत होतो, थोडं मीठ लावून सांगत होतो. एक दिवस ते सगळ्यांसमोर म्हणाले, "अहो, पण पोट्टी खरंच खेळून राहिली का पाणी पाजून राहिली? कोणी पाहिलं?" सगळे हसले. मीही हसलो. आणि म्हटलं — येत्या शनिवारी या, तुमच्या डोळ्यांनी पाहा.

तो शनिवार.

ते पहिल्या सामन्याला येणार होते. मंडळातल्याच रामटेकेजींच्या गाडीत दोघं निघाले आणि जीपीएसचं ऐकता ऐकता भलत्याच मैदानावर पोचले, तिथं लहान पोरं फुटबॉल खेळत होती. फोनवर फोन. इकडे मित्रा असा खेळ करत होती की काय सांगू — पळून दुसऱ्या बेसवर, म्हणजे धावेतल्या दुसऱ्या थांब्यावर, जाणारी एक पोरगी तिनं बसल्या जागेवरून चेंडू फेकून आऊट केली. मी उभा राहून ओरडलो. पण पाहायला कोण होतं? माझ्या बाजूची जागा रिकामी. खेळ संपत चालला तसा माझा जीव जळत होता. शेवटच्या इनिंगमध्ये समोरच्या पोरीनं बॅट जोरात फिरवली, चेंडू चुकला, आणि बॅट पूर्ण फिरून मागे आली ती मित्राच्या हेल्मेटवर.

आवाज मी ऐकला. मी खाणीतला माणूस आहे, डोक्यावर काहीतरी आदळल्याचा आवाज मला ओळखू येतो.

ती उठली. हात वर केला. तिथून पुढचे चार-पाच चेंडू तिनं झेललेसुद्धा. सामना संपला, त्या जिंकल्या.

मधल्या सुट्टीत ती माझ्याकडे आली, कुंपणापलीकडे खाली गवतात बसली. तिच्या मागोमाग जेना आली. जेना म्हणजे टीमच्या पोरींची दुखणीखुपणी बघणारी, पट्ट्या बांधणारी मुलगी — चोवीस-पंचवीसची, लाल जॅकेट घालायची. आठवड्याच्या आठवड्याला मला न चुकता 'गुड मॉर्निंग, सर' म्हणायची. तिनं मित्राच्या डोळ्यांत बॅटरी मारली, बोट नाचवून पाहिलं, आज वार कोणता, कोणाशी खेळलो, विचारलं. मित्रानं उत्तरं दिली. हळू दिली, पण बरोबर दिली. जेना कागदावर लिहीत होती.

आणि तेव्हा मित्रा माझ्याकडे वळली आणि मराठीत बोलली.

"आबाजी, मला दोन दोन दिसतंय. मला घरी जायचं आहे."

इतकंच. लहान असताना बोलायची तशी, तोच आवाज. आणि मला काय झालं असेल? भीती वाटायला पाहिजे होती ना? मला आनंद झाला. हे लिहिताना हात थांबतो — पण झाला. पोरगी मराठी बोलली म्हणून छातीत काहीतरी उडालं. ती मराठी का बोलतेय, इंग्रजी कुठं गेली, हे क्षणभर माझ्या मनातसुद्धा आलं नाही. मग आलं. आलं, हेही लिहितो.

जेनानं मान वर केली. तिला मराठी कुठून कळणार? त्या आख्ख्या मैदानावर ते वाक्य कळणारा मी एकटा. तिनं मला विचारलं, "व्हॉट डिड शी से, सर?"

त्याच वेळी पार्किंगमधून मेश्रामजी येताना दिसले. हातात घडीची खुर्ची, मागे रामटेकेजी, दोघं रस्त्यावरून भांडत.

तुम्ही म्हणाल, गोंधळ झाला असेल. नाही झाला. प्रश्न मला कळला होता. उत्तरही माझ्याकडे होतं, इंग्रजीतसुद्धा होतं — टू, आणि होम. दोन शब्द. लहान पोरालाही येतात.

मी म्हणालो, "शी हंग्री."

जेना हसली. कागदावर काहीतरी लिहिलं. मी डबा उघडला, पोळीत भाजी गुंडाळून कुंपणाच्या खालून मित्राला दिली आणि मराठीत म्हटलं, थोडं थांब बेटा, मेश्रामजी आलेत तुझा खेळ बघायला, हा एक झाला की जाऊ. तिनं माझ्याकडे पाहिलं. नेमकं माझ्याकडे नाही — थोडं बाजूला, जिथं तिला मी दुसरा दिसत असेन तिथं. दोन घास खाल्ले आणि उठली. आबाजी म्हणाला म्हणून उठली.

खाणीत आमच्यात एक रीत होती. डोक्याला लागलं तरी शिफ्ट सोडून वर यायचं नाही, वर आला तो बाईमाणूस. मीही एकदा रक्त गळत असताना तासभर काम केलं होतं. त्यामुळं असं केलं का मी? नाही. खाणीची गोष्ट मला नंतर आठवली, तोंड लपवायला जागा शोधत होतो तेव्हा. त्या घडीला माझ्या डोक्यात फक्त मेश्रामजींची खुर्ची होती.

दुसरा सामना सुरू झाला. मेश्रामजी माझ्या बाजूला. म्हणाले, "वा, खरंच खेळते की हो." मला बरं वाटलं — किती वेळ? तिसऱ्या इनिंगपर्यंत. तिच्या हातातून चेंडू सुटत होते. खुणेची बोटं चुकत होती, ते मला कळत होतं, टाकणारी पोरगी डोकं हलवत होती. मी उठून ओरडू शकत होतो. कुंपणाचं फाटक माझ्यापासून दहा पावलांवर होतं. मी बसून राहिलो. मग एक पोरगी धाव पुरी करायला मित्राच्या पुढ्यातल्या बेसकडे धावत आली, चेंडूही आला, आणि मित्रानं हातच उचलला नाही. चेंडू तोंडावरच्या जाळीवर बसला, पोरगी अंगावर आदळली. मित्रा आधी बसली, मग एका कुशीवर आडवी झाली, आणि मास्कमध्येच ओकली. मास्क काढायला जेना धावली. मी नाही.

दवाखान्यात संध्याकाळी डॉक्टर म्हणाले की पहिल्या मारावर दुसरा मार बसला, पहिल्यानंतर तिला खेळवायलाच नको होतं. सून वैशाली भिंतीला टेकून उभी होती. प्रशांतनं जेनाकडे पाहिलं. जेना रडत होती. तिनं सांगितलं की मी तपासलं, आणि सॅम तिच्या भाषेत काही बोलली तेव्हा मी आजोबांना विचारलंही.

प्रशांत माझ्याकडे वळला. "बाबा, हिनं तुम्हाला काही विचारलं होतं का?"

मी काय म्हणालो असेन?

"मला कुठं इंग्रजी येते रे."

दहा वर्षं ज्या वाक्यावरून घरात भांडलो ते मी स्वतः म्हणालो. प्रशांतनं लगेच विश्वास ठेवला. ठेवणारच, तो तर जगाला तेच सांगत आला होता. माझ्या खांद्यावर हात ठेवला त्यानं. आणि जेनाला इंग्रजीत सांगितलं, यांना इंग्रजी समजतच नाही, यांना विचारून काय उपयोग.

पुढचं थोडक्यात लिहितो. मित्रा दीड वर्ष पडदे ओढलेल्या खोलीत होती. कॉलेज सुटलं. पुस्तकाची दोन पानं वाचली की डोकं धरून बसते. आता रोपवाटिकेत अर्धा दिवस काम करते, गर्दीत काळा चष्मा लावते. त्या दिवसातलं तिला सकाळच्या चहापुढचं काही आठवत नाही. अनेकदा विचारते मला, इंग्रजीत, की आबाजी, त्या दिवशी मी कशी खेळले? मी सांगतो, छान खेळलीस. जेनाला टीमनं काढलं. गाव सोडून गेली म्हणतात. आमच्या घरात तिचं नाव निघालं की वैशाली अजून शिव्या देते, आणि मी ताटात बघत जेवतो. मेश्रामजी तर म्हणतात, तुमच्यासारखा आजोबा पाहिला नाही, पोरीच्या उशाशी बसून असता. बसून असतो, खरं आहे. दुसरं करणार काय?

आता राहिली दुसऱ्या दिवसाची सकाळ.

प्रशांत आणि वैशाली दवाखान्यात होते, घरी मी एकटा. आठ-साडेआठला बेल वाजली. मी वर येऊन दाराच्या बाजूच्या काचेतून पाहिलं. जेना होती. कालचंच लाल जॅकेट, हातात मित्राची खेळाची बॅग. मी चपला काढल्या, पावलांचा आवाज येऊ नये म्हणून, आणि दाराला लागून उभा राहिलो. तिला माझी सावली दिसली असावी. ती दाराशी तोंड आणून बोलली, लहान मुलाला सांगावं तशी, एक-एक शब्द सुटा करून, मला कळावं म्हणून. म्हणाली, सर, तुम्ही मला म्हणालात तिला भूक लागली आहे. ती खरंच तेच म्हणाली होती का? मी कोणावर रागावलेली नाही. डॉक्टरांना माहीत असलं पाहिजे, एवढंच. प्लीज, सर.

शब्द न् शब्द कळला मला.

मी हात वर नेला आणि वरची कडी लावली. तिला ऐकू गेली. बॅग पायरीवर ठेवल्याचा आवाज आला, मग गाडीचा. गाडी वळणावरून गेल्यावर मी दार उघडलं, बॅग आत घेतली आणि खाली माझ्या खोलीत जाऊन झोपलो.