मधला चौकोन

लेकीला सातवा महिना लागला तेव्हा पुण्याहून तिचा फोन आला. तिची तब्येत, माझे गुडघे, जावयाचं ऑफिस असं सगळं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "आई, मोठ्या आईले सांगजो ना, बाळासाठी पट्ट्यांची गोधडी शिवून ठेव म्हना."

सांगजो म्हणे. म्हणजे मी फक्त निरोप पोचवायची.

मोठी आई म्हणजे माझी मोठी जाऊ. थोरल्या काकूला मोठी आई म्हणायची आमच्याकडे रीतच आहे, त्यात कुणाचा दोष नाही. पण माझ्या लेकीच्या तोंडून ते ऐकलं की आजही माझा जळफळाट होतो. पोरगी आठ महिन्यांची असताना मी तिला गावी, अड्याळला, जाऊकडे ठेवली. जवाहरनगरला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये आम्ही नवराबायकोच, दोघांच्याही ड्यूट्या, सांभाळायला तिसरं माणूस नाही. जाऊला मूलबाळ नव्हतं. तिनं दोन्ही हात पुढे केले आणि मी पोर ठेवून सुट्टीच्या दिवशी बसनं जायला लागले. शाळेत घालायच्या वयाची झाली तेव्हा तिला परत आणली. आठ दिवस ती दारात बसून रडली, आणि रडताना जिला हाक मारायची ती मी नव्हते.

निरोप मी दिला. पण मनाशी ठरवलं, मधला चौकोन मी शिवणार.

आमच्या घरात बाळाची गोधडी नऊ चौकोनांची असते. प्रत्येक चौकोनात मध्ये एक तुकडा आणि त्याच्या चारही बाजूंनी रंगीबेरंगी पट्ट्या, एकीला एक जोडत नेलेल्या. आठ चौकोन कुणीही करावेत. मधल्याचं तसं नाही. त्याच्या पोटात बाळाच्या आईचं किंवा बापाचं लहानपणचं कापड घालतात, आणि तो आजीनं शिवायचा असतो. आता आजी कोण, हे मला कुणाला विचारायचं नव्हतं.

धान चुरून, मळणी उरकून झाली होती. मी अड्याळला पोचले तेव्हा जाऊ अंगणात सतरंजी टाकून बसली होती आणि तिच्यापुढे एक बोचकं सोडलेलं होतं. त्यात माझ्या लेकीचे कपडे. झबली, टोपरी, फ्रॉक, शाळेत जायच्या आधीचं सगळं, धुऊन, घड्या घालून ठेवलेलं. मी पाहतच राहिले. माझ्या घरात त्या वर्षांतला एक रुमालसुद्धा नाही. असणार कुठून? पोरगीच नव्हती.

मी आपली भंडाऱ्याहून सहा रंगांचं नवंकोरं पॉपलीन आणि मोठी कात्री घेऊन गेले होते.

"नवं कापड बाळाले टोचते वं," जाऊ म्हणाली. "अन् पट्टी कापू नको, फाड. फाडली का सरळ येते."

तिनं जुन्या लुगड्याच्या काठाशी कात्रीनं एवढीशी चीर दिली आणि दोन्ही हातांनी टर्रकन ओढलं. पट्टी दोऱ्यासारखी सरळ निघाली. माझ्या कापलेल्या पट्ट्या तोवर एकीकडे रुंद, एकीकडे अरुंद झाल्या होत्या. लाल, हिरवी, जांभळी, मोरपिशी अशा पट्ट्या ती फाडत गेली, लावत गेली, आणि दुपारपर्यंत तिचे चार चौकोन झाले. माझा एक झाला, तोही तिरपा. तिचे हात पाहून मला राग येत होता. याच हातांनी तिनं माझ्या पोरीला चालायला शिकवलं, जेवू घातलं, आणि आता तिच्या बाळाचं पांघरूणही तीच करणार.

ती चहा ठेवायला आत गेली तेव्हा मी बोचक्यातून पिवळा फ्रॉक ओढला. बारीक लाल फुलांचा. त्याचा पाठीचा भाग फाडून घेतला, चौकोनी केला आणि लगेच पहिली पट्टी जोडायला लागले. माझ्याच लेकीचा फ्रॉक, आणि मी चोरासारखी दाराकडे बघत होते.

जाऊ कप घेऊन बाहेर आली.

"मधला मी करून राहिली," मी तिच्याकडे न बघता म्हटलं. "आजी मी आहो."

"तूच कर. मी कुठं नाई म्हनतो?"

मी भांडायची तयारी करून बसले होते, ती तयारी तशीच राहिली. पण चौकोन मात्र जीव ओतून शिवला. या खेपेला पट्ट्या फाडून घेतल्या, टाके बारीक घातले. ऊन कलताना तो तिच्या हातात दिला. तिनं त्या पिवळ्यावरून हात फिरवला आणि चौकोन उलटून मागून पाहिला.

"कापड उलटं लागलं वं," ती हळूच म्हणाली.

"उलटं कसं, बाई? चांगली पिवळीधमक बाजू वर घेतली. मागची तर पांढरी पडली."

"पांढरी पडली तेच सुलट. पोरगी दिवसभर उन्हात राहे, तळ्याच्या पाळीवर, बांधावर. उडला तो वरचा रंग. हे तू वर घेतलेली बाजू अंगाकडची होय."

बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"राहू दे, कोनाले समजते," तीच पुढे म्हणाली. मी सुई घेऊन उसवायला बसले. टाके बारीक होते, वेळ लागला. डोळे भरून येत होते आणि मला ते तिच्यासमोर पुसायचे नव्हते.

लेक बाळंतपणाला माझ्याकडे आली, बाळ झालं. बारशाला जाऊ गोधडी घेऊन आमच्या क्वार्टरवर आली. लेकीनं ती उघडली आणि मधल्या फिक्या तुकड्यावर बोट ठेवून ओरडलीच, "हा तर माहा पिवळा फ्रॉक! मोठी आई, तूनंच लावला न?"

"नाई वं. मधला तुह्या आईनं शिवला," जाऊ म्हणाली. "कापड एवढं जुनं, पन सुलट बाजू बरोबर वर घेतली तिनं."

लेक माझ्याकडे वळली. अशा नजरेनं तिनं माझ्याकडे यापूर्वी कधी पाहिलेलं मला आठवत नाही.

"तुले कसं समजलं, आई?"

जाऊ बाळाची टोपी नीट करत होती, तिनं मान वर केली नाही. मी गोधडी ओढून बाळाचे पाय झाकले. ते आधीच झाकलेले होते.