बारा पेरं

समोरच्याच्या उत्तराची वाट आमच्या फिरत्या बाईंइतकी चिवटपणे पाहणारं माणूस जालना जिल्ह्यात तरी दुसरं झालं नसेल. एवढं एक वाक्य लिहून मी कितीदा वही मिटून ठेवली आहे. बाईंच्या गमती सांगायला कुणाची हरकत नाही. पण त्या सांगता सांगता तपासणीच्या दिवसापर्यंत जावं लागतं, आणि त्या दिवशी मी काय केलं तेही सांगावं लागतं. ते मी वर्षानुवर्षं टाळलं. आता सत्तरीला टेकलो. आज वही मिटायची नाही.

हसनाबादच्या बाजूला एका गावात मी मुख्याध्यापक होतो. बाई अपंग मुलांच्या शिक्षिका. आठ शाळा त्यांच्याकडे, त्यामुळे आमच्या वाट्याला त्या फक्त बुधवारी यायच्या. फिरतीची नोकरी म्हणून आम्ही त्यांना फिरत्या बाई म्हणायचो. पोरांनी मात्र नाव ठेवलं होतं थांबाबाई. जालन्याच्या मस्तगडहून त्या मोपेडवर निघायच्या, ते अशा वेगानं की रस्त्यानं चाललेल्या म्हशी वळून बघायच्या आणि पुढं निघून जायच्या. खांद्याला भलीमोठी पिशवी. तिच्यात कपड्यांचे चिमटे, सीताफळाच्या बिया, कापसाची बोंडं आणि सायकलच्या फाटक्या ट्यूबचे तुकडे. चिमटे दाबून बोटांत जोर येतो, बिया वेचून नजर ठरते आणि चमच्याच्या दांड्याला ट्यूब गुंडाळली की कमजोर हातातूनही चमचा निसटत नाही, असं त्या समजावून सांगायच्या. गावातल्या पंक्चरवाल्यानं एकदा मला विचारलंच, "सर, ह्या बाई फाटक्या ट्यूबा नेतात, त्या खातेत का काय?"

पण बाईंची खरी करामत म्हणजे पेरं. मुलाला प्रश्न विचारला की त्या गप्प व्हायच्या आणि अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकवायला लागायच्या. चार बोटं, बोटाला तीन पेरं, अशी बारा. तेवढ्यात कुणी मध्ये बोललं की दुसऱ्या हाताचा तळवा वर. "थांबा. उत्तर येऊन राह्यलंय." जणू उत्तर म्हणजे भोकरदनहून सुटलेली गाडी. काही मुलांचे शब्द लांबून येतात, मोठ्या माणसांना तेवढा दम नसतो, असं त्यांचं म्हणणं.

सवय एवढी मुरली होती की मोठी माणसंही तिच्यातून सुटत नव्हती. फोनवर प्रश्न विचारून त्या गप्प झाल्या की पलीकडचा माणूस "हॅलो हॅलो" करून दमायचा. एका कचेरीत त्यांनी कारकुनाला विचारलं, "माझा अर्ज कुठंय?" कारकून म्हणाला, "बघू." बाई उभ्याच, अंगठा पेरांवर. सातव्या पेराला त्याला घाम फुटला, नवव्याला तो उठला आणि कपाटातून बाईंच्या अर्जाबरोबर आणखी तिघांचे हरवलेले अर्जही निघाले. बाईंचे यजमान म्हणायचे, "आमच्या घरात भांडणच होत न्हाई. ही विचारती अन् मोजती. चौथ्या पेरावर मी कबूल."

आमच्या शाळेत बाईंची विद्यार्थिनी होती कावेरी. आठ वर्षांची. घर मेंढ्या पाळणाऱ्यांचं, पण मेंढ्या विकल्यावर आईबाप मजुरीला जायचे. जन्मापासून पोरीचे हातपाय ताठ, आणि शब्द तोंडाबाहेर काढायचा तर मान, खांदे, जबडा, सगळ्यांना कामाला लावावं लागायचं. आई तिला कडेवर आणून सोडायची. बाईंनी सुताराकडून खुर्ची कापून घेतली आणि लुगड्याच्या काठानं पोरीला तिच्यात नीट बसवलं. वर्षभर मेहनत घेतली, आणि कावेरी हजेरीला स्वतःचं नाव सांगायला लागली. साधारण दहाव्या पेरावर. सगळा वर्ग तोवर गप्प बसायचा, आणि नाव आलं की पोरं बाकं बडवायची. हजेरी लांबते म्हणून मी कुरकुर करायचो. बाई म्हणायच्या, "सर, तुम्ही हजेरी घेता का हाकलता?"

तपासणीचा दिवस नेमका बुधवारी आला. शाळेला वरची श्रेणी मिळावी म्हणून मी महिनाभर राबलो होतो. भिंती रंगवल्या, कुंड्या आणल्या. सकाळी बाईंना बाजूला घेऊन म्हणालो, "आजच्या दिवस कावेरीला मागं बसवा."

"का सर?" बाईंनी विचारलं आणि अंगठा पहिल्या पेरावर ठेवला. मी तिथून निघूनच गेलो.

साहेब वर्गात आले तेव्हा कावेरीची खुर्ची पहिल्या रांगेत होती. साहेबांना अजून दोन शाळा करायच्या होत्या. त्यांनी वाकून विचारलं, "नाव काय बेटा तुझं?" कावेरीची मान एका बाजूला गेली. जबडा उघडला. भिंतीपाशी उभ्या बाईंचा अंगठा चालू झाला, आणि माझी नजर त्याच्यावर खिळली. दुसरं पेर. तिसरं. साहेबांनी घड्याळ पाहिलं. चौथं. पोरीच्या हनुवटीवर लाळ आली. पाचवं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, नुसतं पाहिलं, आणि मी बोललो.

"हिला बोलता येत न्हाई, साहेब."

बाईंचा तळवा वर झाला होता, पण साहेब वळले होते. मी त्यांना दाराकडे घेऊन चाललो. उंबऱ्यात पाय ठेवला आणि पाठीमागून आवाज आला. घोगरा, ओढलेला, पण स्पष्ट. "का-वे-री." मी ऐकलं. आणि साहेबांच्या कानावर जाऊ नये म्हणून मी मोठ्यानं भज्यांचा विषय काढला. आमच्या गावची मिरचीची भजी कशी बिलकुल वेगळी असतात, हे मी जीपपर्यंत बोलत राहिलो. मागं त्या दिवशी बाकं वाजली नाहीत.

साहेबांचा शेरा असा: बालिका प्रतिसाद देत नाही, घरीच शिक्षण द्यावे. खाली माझी सही. कुंड्यांसकट शाळेला श्रेणी मिळाली.

पुढच्या बुधवारी बाई माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. "सर, दोन ओळी लिहून द्या. तिनं नाव सांगितलं अन् ते तुम्ही ऐकलं, एवढंच. शेरा बदलून आणायचं माझ्याकडं लागलं." मी कागद चाळत बसलो. लिहून दिलं असतं तर मी साहेबांसमोर खोटं बोललो हे माझ्याच अक्षरात कागदावर आलं असतं. बाईंनी सरळ विचारलं, "सर, तुम्ही ऐकलं ना?"

बाराही पेरं झाली.

"न्हाई बाई," मी म्हणालो. "मला काही ऐकू आलं न्हाई."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "बरं," एवढंच म्हणाल्या आणि वर्गात जाऊन खुर्चीला बांधलेले लुगड्याचे काठ सोडायला लागल्या. खुर्ची त्यांनी मोपेडला बांधून कावेरीच्या घरी पोचवली. तिची आई एकदा रस्त्यात भेटली. म्हणाली, "गुर्जी, शाळंची घंटा आमच्या घरापोत येती. मंग पोरगी दप्तर मागती. काय सांगू तिला?" मी घाईत असल्यासारखं केलं. बाईंच्या घरभेटी मात्र चुकल्या नाहीत; नेमून दिलेल्या दिवसाखेरीज रविवारीही त्या जायच्या. पुढं सतरा नंबरचा फॉर्म भरून कावेरी बाहेरून दहावी झाली. पण वर्गात बसायची, नाव सांगितल्यावर पोरांनी बाकं बडवायची वर्षं गेली ती गेलीच.

निवृत्तीनंतर एके दिवशी मी धीर करून मस्तगडला बाईंच्या घरी गेलो. बाईही निवृत्त झाल्या होत्या. फार वाळल्या होत्या, पण मांडीवर सायकलची ट्यूब होतीच. कात्री खाली ठेवून म्हणाल्या, "या सर. कसं काय येणं केलं?"

आणि अंगठा चालू झाला. घरून मी एक वाक्य पाठ करून आणलं होतं. मी चष्मा काढून पुसत बसलो. बारा पेरं संपली. मग बाईंनी दुसरा हात घेतला. दुसरा हात त्यांनी कधी कुणाला दिलेला मी पाहिला नव्हता. आतून सून आली, "चहा ठेवू का?" बाईंनी तिला तळवा दाखवला.

"थांब गं. सरांचं उत्तर येऊन राह्यलंय."

त्याही हाताची पेरं संपत आली तेव्हा मी म्हणालो, "बाई, हसनाबादची गाडी किती वाजता असती?"

उभ्या नोकरीत ज्या गाडीनं मी ये-जा केली, तिची वेळ बाईंनी मला शांतपणे सांगितली. चहा पाजला. दारापर्यंत सोडायला आल्या आणि म्हणाल्या, "काही जल्दी न्हाई सर. परत या."

मी येत्या आठवड्यात जाऊ, येत्या महिन्यात जाऊ, करत राहिलो. त्याच वर्षी उन्हाळ्यात बाई गेल्या.

वाक्य अजून पाठ आहे. ते एवढंच होतं: बाई, दहाव्या पेरावर मी ऐकलं होतं, मला माफ करा.