माझ्या धोतराचं प्रस्थान

मुरुमचं बिऱ्हाड मोडून आम्ही उमरग्याला निघालो, तेव्हा घरातून सगळ्यांत आधी बाहेर पडलं ते माझं धोतर.

मी मुरुमच्या शाळेत मास्तर होतो. मराठवाडा मुंबई राज्यात गेला त्या सुमारास माझी बदली उमरग्याला झाली. मला त्याचं फारसं काही नव्हतं. पोरं पाढे मुरुमला चुकतात तसेच उमरग्यालाही चुकतात! पण बायको, कमल, हरखून गेली होती, कारण तिथं बघून ठेवलेल्या घराच्या अंगणात आड होता. लग्न होऊन आल्यापासून ती वेशीबाहेरच्या विहिरीवरून पाणी वाहत होती. उन्हाळ्यात तिथं तासन् तास ताटकळायची, अन् घरी येऊन एक शब्द बोलायची नाही. फक्त घागर जरा जोरात ठेवायची. (त्या आवाजाचा अर्थ मला तोंडपाठ होता.)

त्या घराचा मालक मल्लप्पा मात्र मोठा चिकित्सक माणूस. आधीच्या बिऱ्हाडातल्या नवरा-बायकोची भांडणं इतकी विकोपाला जायची, की नवरा देवळात झोपायचा अन् सगळं गाव मल्लप्पालाच बोल लावायचं. त्यामुळं त्यानं आधीच बजावून ठेवलं होतं, की शनिवारी मुरुमला कामासाठी येईन, तुमचं घर बघीन, माणसं बघीन, मगच किल्ली देईन. ते घर मागणारे इतरही बरेच टपून होते.

सोमवारी नव्या शाळेत हजर व्हायचं होतं, म्हणून आम्ही शनिवारीच निघायचं ठरवलं. इथं आई मधे पडली. शनिवारी पूर्वेला दिशाशूल, त्या वारी त्या दिशेला पाऊल टाकायचं नाही. रविवारी अमावास्या. सोमवारी परत पूर्वेला दिशाशूल. अन् उमरगा नेमका पूर्वेला! मी म्हणालो, उमरगा काही आपल्याला हलवता येणार नाही. आई म्हणाली, हलवायचं कशाला, शुक्रवारी प्रस्थान ठेवू.

म्हणजे असं, की चांगली वेळ बघून आपली एखादी वस्तू त्या दिशेच्या शेजाऱ्याकडं नेऊन ठेवायची. प्रवास तेव्हाच सुरू झाला असं धरतात, मग माणूस सवडीनं निघाला तरी चालतं. अट एकच, ठेवलेली वस्तू परत घरात आणायची नाही. माझ्या वडिलांनी एकदा छत्रीसाठी प्रस्थान माघारी आणलं, तर बदली रद्द होऊन त्यांना पुन्हा भूमलाच जावं लागलं. (भूमचं नाव आई आवाज खाली करूनच घ्यायची.)

पूर्वेकडचं घर मौलाचाचांचं. चाचा पिंजारी, कापूस पिंजून गाद्या भरून द्यायचे. शुक्रवारी आई हळदीकुंकू लावलेलं गाठोडं घेऊन तिकडं गेली. चाचीनं ते फळीवर जपून ठेवलं, अन् आता आपल्याला शेजार राहणार नाही म्हणून दोघी पोटभर रडल्या. गाठोड्यात काय आहे ते मी विचारलं नाही. नसत्या चौकशा न करणं हा माझ्या संसाराचा पाया होता.

शनिवारी सकाळी मी न्हाणीत आंघोळीला बसलो. बाहेर सामानासाठी बैलगाडी उभी होती. कमलनं सगळी पोती भरून सुतळीनं शिवली होती, अन् उमरग्याचं नाव निघालं की तिच्या अंगात वारं शिरायचं. पंचा गुंडाळून बाहेर येतो तो घर रिकामं! गाडी वेशीपार गेली होती. मी उतरवून ठेवलेले मळके कपडेसुद्धा शेवटच्या पोत्यात कोंबून तिनं पोत्याचं तोंड शिवून टाकलं होतं. मी विचारलं, आता मी घालू काय? ती म्हणाली, खुंटीवर आहेत की, मुद्दाम बाहेर ठेवलेत. खुंटीवर काहीच नव्हतं. आम्ही दोघंही आईकडं बघायला लागलो.

"प्रस्थानाला जाणाऱ्याच्या अंगावरचंच कापड लागतं," आई शांतपणे म्हणाली. "धोतर, सदरा, कोट, टोपी. सगळं घडी घालून ठेवलंय."

गाठोडं मागवून घेऊ, असं मी म्हणायचा अवकाश, आई एवढंच म्हणाली, "भूम."

कपडे माझ्याकडं येऊ शकत नाहीत, तर मीच कपड्यांकडं जावं! या विचारानं मला माझ्याच बुद्धीचं कौतुक वाटलं. रस्त्यानं पंचावर जायची सोय नव्हती, गल्लीत निम्मी शाळा खेळत होती. म्हणून परसातल्या छातीएवढ्या भिंतीवर ओलेत्यानं चढलो, पाय घसरला, अन् पलीकडं चाचांनी पिंजून ठेवलेल्या कापसाच्या ढिगात सपशेल आडवा झालो. लागलं काहीच नाही. पण मी उठलो तेव्हा माझ्याबरोबर कापूसही उठला!

चाचांनी हातातलं काम थांबवून मला नखशिखांत न्याहाळलं. "मास्तर," ते म्हणाले, "वरनं खोळ चढवली की झाली गादी."

चाचीनं गाठोडं दिलं अन् तोंड फिरवून हसत बसली. निघेल तेवढा कापूस उपटून मी धोतर नेसलो, कोट चढवला. मिशीतला कापूस काही हटेना. तसाच ऐटीत रस्त्यानं घराकडं आलो, तर आई उंबऱ्यात वाट अडवून उभी.

"तिथंच थांब. तू प्रस्थानाला जाऊन मिळालास. आता तू निघालास. माघारी यायचं नाही."

मल्लप्पा यायची वेळ झालीय, असं मी काकुळतीनं सांगत होतो, तोवर मल्लप्पा गल्लीच्या तोंडाशी दिसलाच! मी धूम ठोकली ती परत चाचांच्या अंगणात. घरात बसायला काही उरलं नव्हतं, म्हणून आईनं पाहुण्याला परसात धुण्याच्या दगडावर बसवलं. भिंतीवरून मला सगळं दिसत होतं.

"मास्तर कुठं हैत?" मल्लप्पानं विचारलं.

"उमरग्याला निघालाय," आई म्हणाली.

"नमस्कार," मी भिंतीवरून म्हणालो.

मल्लप्पा दचकला. "ह्ये कोन?"

"हेच," कमल म्हणाली.

"मग निघाल्यात म्हनता न्हवं?"

"व्हय, निघालाय," आई म्हणाली. "अजून पोचला नाही, एवढंच."

मल्लप्पानं माझ्या मिशीतला कापूस बघितला. "रातच्याला तिकडंच झोपल्ते काय?" त्यानं हळूच विचारलं. मी घाईघाईनं खुलासा केला, की छे छे, आत्ताच आलो, पंचावर, भिंतीवरून! हे ऐकून त्याचा चेहरा आणखीनच गंभीर झाला. बाहेर काढलेली किल्ली त्यानं परत खिशात टाकली.

"राग मानू नका मास्तर. एक जोडपं लई भोगलंय म्या."

कमलचा चेहरा खर्रकन उतरला. मी बोलायला तोंड उघडलं, तर तिनं मला हातानंच गप्प केलं अन् पदर खोचून मल्लप्पासमोर उभी राहिली.

"अण्णा, आमच्यात भांडण नाही. सासूबाईंनी प्रस्थान ठेवलंय, म्हणून यांना घरात येता येत नाही. लग्न झाल्यापासून मी वेशीबाहेरनं पाणी आणतेय. दारात पोहरा सोडून पाणी काढावं, एवढंच माझ्या मनात आहे. त्यासाठी यांना कायमचं भिंतीपलीकडं ठेवावं लागलं तरी मी ठेवीन."

 मल्लप्पा धुण्याच्या दगडावर बसल्या बसल्या मांडी थोपटून असा हसला, की आई हसली, चाचा हसले, अन् माझ्या मिशीतला उरलासुरला कापूसही उडाला. त्याची आईही प्रस्थान ठेवायची म्हणे, अन् त्याच्या वडिलांनी त्यापायी एक अख्खा दिवस शेजाऱ्याच्या गोठ्यात काढला होता! त्यानं खिशातून किल्ली काढली. मी घरच्या कर्त्या पुरुषाला शोभेल अशा थाटात भिंतीवरून हात पुढं केला. मल्लप्पानं माझ्या हाताकडं बघितलं, वळला, अन् किल्ली कमलच्या हातावर ठेवली.

"तुमाला दिऊन काय करू मास्तर? तुमाला सोताच्या घरात जाता यीना."

संध्याकाळी उमरग्याला पोचल्यावर कमलनं सामानाला हातही लावायच्या आधी आडात पोहरा सोडला, अन् पहिलं पाणी वर आलं तेव्हा ती लहान पोरीसारखी हसली. मलाही फार आनंद झाला. किल्ली मात्र त्या दिवशी जी तिच्या कमरेला गेली ती गेलीच. पुढं मी रिटायर झालो, स्वतःचं घर बांधलं, दारावर माझ्या नावाची पाटी लावली. त्या पाटीखाली उभा राहून मी अजून कडी वाजवतो.