युरियाच्या टाकीची चावी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला जाऊन आता दोन वर्षं झाली. परवा भानुदासच्या दहाव्याला जाऊन आलो. तेव्हापासून पुस्तक उघडतो आणि एकाच पानावर बसून राहतो.

भानुदास आमच्या सहकारी वाहतूक संस्थेचा ड्रायव्हर, मी सेक्रेटरी. दुष्काळात वडवणीकडच्या वस्त्यांना पाणी पोचवायला संस्थेने प्रदूषणाच्या नव्या नियमांतला ट्रक घेतला. त्याला डिझेलशिवाय युरियाचं शुद्ध द्रावण लागतं, त्याने धुरातलं विष मरतं. भानुदास सायलेन्सरच्या तोंडात पांढरा रुमाल फिरवून दाखवायचा. "बघा साहेब, माझ्या दातापेक्षा साफ हाय."

द्रावण मागवायचं काम माझं. मी विसरलो. पण तेवढंच असतं तर लिहायला बसलो असतो का?

द्रावण संपलं की ती गाडी अडून बसते, आणि तीन वस्त्या घागरी मांडून वाट बघत होत्या. भानुदास चहाला गेला होता. मी गोदामातला खताचा युरिया बोअरच्या पाण्यात कालवला आणि द्रावणाच्या टाकीत ओतला. मी रसायनशास्त्र शिकलेला माणूस. त्या खारट पाण्याने नळ्या चोंदतील, हे मला ठाऊक नव्हतं? — होतं. वाटलं, एवढ्याने काय होतंय.

दुसऱ्याच दिवशी गाडी रस्त्यात बसली. मेकॅनिकने नळीतले पांढरे खडे काढून चेअरमनच्या टेबलावर ठेवले. चांगलं द्रावण विकून भानुदासने खत ओतलं, असं ठरत चाललं. तो एवढंच म्हणाला, "टाकीची चावी हपिसात असती. साहेबांना इचारा की."

सगळे माझ्याकडे वळले. चावी माझ्या खिशात होती.

मी म्हणालो — "चावी ड्रायव्हरकडे असते."

त्याला काढून टाकलं. वस्त्यांना आठ दिवस पाणी मिळालं नाही, तेही त्याच्याच नावावर गेलं. चोर ठरलेल्याच्या हाती पुन्हा गाडी कोण देणार? पन्नाशीत तो कोयता घेऊन ऊसतोडीला गेला.

दहाव्याला त्याच्या बायकोने मला ओळखलं. बसायला सतरंजी सरकवली. म्हणाली, "ते म्हनायचे, साहेबांनी कुना गरिबाला वाचिवलं असंल. उगं खोटं बोलायचा मानूस न्हाई त्यो."

मी "हो" म्हणालो.