बरणीतल्या मुंग्यांची अंडी

चष्मा डोक्यावर ठेवून घरभर हुडकणाऱ्या मंडळींनो, विसरला असाल म्हणून पुन्हा सांगते. पुण्याला गेलेल्या नातीनं, सोनीनं, तिच्या पाळीव मुंग्यांची बरणी माझ्यापाशी ठेवलीय.

"आजी, त्यांना मेलेल्या माश्या घाल," म्हणली होती. मी पडले माळकरी. रोज साखरच घातली, तेवढंच पुण्य.

आज दुपारी बघते तर साखर तशीच, अन् मुंग्या आपली अंडी तोंडात धरून बसलेल्या. म्हणलं, केवढी माया.

हे लिहून घेणारी सून वाकून बघत म्हणली, "आत्याबाई, खायल्यात त्या."

मधोमध राणी. तीबी शांतपणे चावायली होती.

मी काचेवर बोट टेकवलं. साऱ्या थांबल्या, बोटाकडं तोंड करून उभ्या राहिल्या. बोट काढलं, तरी हलल्या न्हाईत.

आपल्याला पुण्य लागावं म्हणून तुमी कुणाला असं उपाशी ठेवलंय का?

सोने, थोडी अंडी उरल्यात. सोनपेठच्या बाजारात गळ्यात माळ घालून मला मुंग्यांसाठीबी सुकट घेता येत न्हाई. तूच पाठव, अन् पुडीवर सुनेचं नाव घाल.