कानशिलावरच्या चौकोनाची चतुःसीमा

आमचे धाकटे दीर महिपतराव ग्वाल्हेरला गोरखीच्या सरकारी दफ्तरात मोडी वाचायचे. संस्थान जाऊन मध्यभारत झाला होता, आता तोही मोडून राजधानी भोपाळला जाणार. म्हणून जुने मोडी कागद वाचून त्यांच्या हिंदी याद्या करायच्या होत्या. वाचणारे उरले दोघे. त्यांतल्या भावोजींचा उजवा डोळा लहानपणी देवीने अधू केलेला, आणि छपन्नच्या श्रावणात डावाच सुजून पुढे आला.

डॉक्टर म्हणाले, कॅन्सर नाही, पण सूज क्वचित दिसणारी आहे, डोळ्यामागची नस दाबते. कॉर्टिझोनच्या गोळ्यांनी ती उतरली, गोळ्या कमी करताच पुन्हा चढली. मग डीप एक्स-रेच्या दहा सिंकाया, म्हणजे किरणांचे शेक, ठरल्या. किरण सोडायची जागा म्हणून कानशिलावर जांभळ्या शाईचा चौकोन काढून डॉक्टरांनी बजावलं, "इसे धोना मत."

सिंकाई झाली की भावोजी थेट दफ्तरात, भिंग घेऊन कागदांपुढे. कोणी विचारलंच, "साहब, ये कौन सा तिलक?" तर म्हणायचे, "सरकारी मोहर."

सहा सिंकाया झाल्या आणि नरकचतुर्दशी आली. नवा प्रांतही त्याच दिवशी. त्यांची बायको शरयू गेल्यापासून दिवाळीचं तेल-उटणं मीच लावते. हाताच्या सवयीने कानशीलही खसखसून चोळलं. पंचा जांभळा झाला तेव्हा कळलं, आणि मी तिथेच रडायला लागले.

"वहिनी, रडता काय? आज नरकासुर गेला, मध्यभारत गेला, त्यात माझा चौकोन!"

दवाखान्यात डॉक्टर मात्र हसले नाहीत. "नाप फिर से लेना पड़ेगा। एक्स-रे का फोटोवाला चार दिन छुट्टी पर। इतने में सूजन बढ़ी तो आँख का भरोसा नहीं।"

भावोजींनी खिशातून चिठ्ठी काढली. चौकोन काढला त्याच दिवशी आरसा घेऊन, जमिनीच्या कागदात लिहितात तशी त्यांनी त्याची चतुःसीमा उतरवली होती: पूर्वेस डोळ्याचा कोपरा, दीड बोट, पश्चिमेस कान, दोन बोटं, उत्तरेस भुवईचं टोक, दक्षिणेस गालाचं हाड. इतकी वर्षं हद्दी वाचणारा माणूस, स्वतःच्या तोंडावरची कशी सोडेल?

डॉक्टरांनी ती त्यांच्याकडून हिंदीत वाचून घेतली, आपल्या कागदातल्या चौकोनाच्या लांबी-रुंदीशी दोनदा ताडली, मोजपट्टी लावली आणि नवा चौकोन काढला. सातवी सिंकाई त्याच सकाळी झाली.

संक्रांतीच्या सुमारास सूज ओसरली. तपासताना डॉक्टरांनी उजवा डोळा झाकला आणि म्हणाले, "कुछ पढ़िए।" भावोजींनी खिशातला मोडी कागद धरला आणि भिंगावाचून घडाघडा वाचला.

"अब मुझे क्या मालूम, सही पढ़ा कि नहीं!"

"ते ग्वाल्हेरात आता दोघांनाच मालूम, डॉक्टरसाहेब. दुसऱ्याला बोलावू का?"

डॉक्टरांनी हात जोडले. मी पेढे काढेपर्यंत भावोजी जिना उतरूनही गेले. अकराला दफ्तर उघडायचं होतं.