खंडेनवमीची तलवार आणि पोवारकाकींच्या वाकळा

आमच्या घरात लोखंड तयार झालं, तेव्हा घरात माझ्याशिवाय कुणालाही लोखंड नको होतं.

मी कोल्हापुरात चष्म्याचं दुकान चालवतो. आजवर माझ्या हातात आलेलं सगळ्यात अवजड हत्यार म्हणजे चष्म्याच्या काडीचा स्क्रू पिळायचा पेचकस. तोही काउंटरखाली पडला की मला दिसत नाही. (गिऱ्हाइकं शोधून देतात. चष्मेवाला जमिनीवर हात फिरवत बसलाय, हे बघायला त्यांना फार आवडतं.) अशा माणसानं तलवार करायची भाषा बोलू नये. पण मी बोललो, आणि तीही तालमीच्या कट्ट्यावर, भर गर्दीत!

झालं होतं असं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्या गल्लीच्या तालमीत हत्यारांची पूजा असते. पैलवानांची गदा, ड्रायव्हरांचे पाने, घराघरांतल्या विळ्या आणि मधोमध अण्णा पोवारांची तलवार. अण्णा म्हणजे आमचे भिंतीला भिंत लागून असलेले शेजारी, फौंड्रीतून रिटायर झालेले. ती तलवार त्यांच्या पणजोबांची. तिची गोष्ट अण्णा दरवर्षी सांगतात आणि गोष्टीतले शत्रू दरवर्षी वाढतात. गेल्या उन्हाळ्यात अण्णांनी ती गोष्ट खंडेनवमी नसतानाच कट्ट्यावर सुरू केली आणि माझा तोल गेला.

"अण्णा, आयती मिळालेल्या तलवारीचं काय कौतुक? यंदा मी स्वतः करतो. दगडापासनं!"

"दगडाची तलवार?" कुणीतरी विचारलं.

"दगडातनं लोखंड काढायचं, ते ठोकून शुद्ध करायचं आणि त्याची तलवार. जुनी पद्धत!"

माझा अभ्यास म्हणजे मोबाईलवर पाहिलेला एक व्हिडिओ. तोही दुकानात गिऱ्हाईक भिंतीवरची अक्षरं वाचत होतं म्हणून आवाज बंद करून पाहिलेला! पण अण्णा एवढंच म्हणाले, "कर की. बघूया की." कोल्हापुरात एकदा 'बघूया की' म्हटलं गेलं की परतीचा रस्ता बंद होतो.

माझा मेव्हणा विश्वास मलकापूरजवळ शेती करतो. त्याला फोन लावला.

"दाजी, दगूड म्हंता? आमच्या रानात दगूड सोडून दुसरं हाय काय?"

"तसले न्हवं. लोखंडाचे पाहिजेत."

"लोखंडाचंच हायत की! नांगराचा फाळ मोडलाय त्यावर!"

एवढा शास्त्रीय पुरावा मला पुरला. मी आणि माझी बायको शोभा मलकापूरला गेलो. विश्वासच्या बांधावर आम्ही छातीइतकी उंच मातीची भट्टी उभारली. तिच्यात लोणारी कोळशाचा एक थर, फोडलेल्या तांबड्या दगडांचा एक थर, असं दिवसभर टाकत राहिलो. वारा घालायला विश्वासनं गावातल्या बंद पडलेल्या लोहारशाळेतला कातडी भाता आणला होता. त्याला जागोजागी सायकलच्या ट्यूबची ठिगळं. दाबला की तो दम्याच्या पेशंटासारखा आधी थोडा विचार करायचा, मग श्वास सोडायचा.

संध्याकाळी भट्टी फोडली. तळाशी नारळाएवढा, काळा, भोकाभोकांचा एक गोळा होता. तिघांनी वाकून बघितलं.

"करपलेला खरवस दिसतोय," शोभा म्हणाली.

मी खिशातनं चुंबक काढून लावलं. चिकटलं! मी आणि विश्वास बांधावर नाचलो. (शोभा नाचली नाही. सगळ्यांनी नाचलं तर भांडी कोण आवरणार, असं तिचं म्हणणं.)

येताना एसटीत तो गोळा मांडीवरच्या पिशवीत होता. कंडक्टरनं विचारलं, "पावणं, पिशवीत काय हाय?"

"लोखंड."

त्यानं वाकून बघितलं. "ह्ये लोखंड?"

"व्हय. अजून कच्चं हाय."

"मग पिकल्यावर आणायचं की!"

कोल्हापूर येईपर्यंत अख्खी गाडी हसत होती. शोभा खिडकीबाहेर बघत होती, जणू मी तिच्या ओळखीचाच नव्हे.

पुढं पावसाळा लागला. गोळा आमच्या दाराला अडसर म्हणून बसला आणि त्या कामात त्यानं नाव काढलं. तालमीसमोरून जाताना मात्र रोज कुणीतरी ओरडायचं, "सदाभाऊ, तलवार कुठवर आली?" शेवटी मी तालमीसमोरून जाणंच सोडलं. दुकानाला लांबच्या रस्त्यानं जाऊ लागलो. गल्लीत राहायचं तर आता तलवार होणं भाग होतं.

नवरात्र तोंडावर आलं तेव्हा विश्वासला भात्यासकट बोलावलं. दुपारी शोभा मंडईला गेल्याची संधी साधून आम्ही परसात भट्टी पेटवली. तिथं पहिली अडचण आली.

"दाजी, ऐरण कुठाय?"

ऐरण! व्हिडिओत होती खरी. मी घरात नजर फिरवली आणि स्वयंपाकघरातनं शोभाचा मसाला वाटायचा पाटा उचलून आणला. दगडी, सपाट, वजनदार. आणखी काय पाहिजे?

ठिणग्यांपासून डोळे जपावेत म्हणून मी दुकानातले दोन काळे गॉगल आणले होते. माझा साधा होता. विश्वासच्या वाट्याला सोनेरी काडीचा, बायकांचा आला. गोळ्याला लावायला बादलीभर चिकणमाती, वाळू आणि राखेचा पातळ काला करून ठेवला. (असा लेप दिला की तापताना लोखंड जळत नाही. हेही व्हिडिओत होतं.) विश्वासनं भाता दाबला. गोळा तापून बिटासारखा लाल झाला. मी तो सांडशीनं पाट्यावर ठेवला आणि घण डोक्यावर उचलला.

इथं थोडं शास्त्र सांगतो, कारण मला ते नंतर कळलं. असला गोळा म्हणजे निम्मं लोखंड आणि निम्मा दगडाचा मळ. त्या मळाला कीट म्हणतात. गोळा पांढराफटक तापवायचा आणि सुरुवातीला नुसता थोपटायचा. मग कीट वितळून बाहेर येतं आणि लोखंडाचे कण एकमेकांना चिकटतात. कमी तापलेल्या गोळ्यावर दणका घातला तर तो फुटतो.

मी दणका घातला.

पाट्याचे दोन तुकडे झाले. गोळ्याचे किती झाले ते मोजायला आम्ही थांबलो नाही, कारण लालभडक किटाचे गोटे भिंतीवरून पलीकडं, अण्णांच्या परसात गेले. तिथं अण्णांच्या बायकोनं, पोवारकाकींनी, घट बसायच्या आधी घरातल्या झाडून सगळ्या वाकळा, म्हणजे जाडजूड गोधड्या, धुऊन दोरीवर वाळत घातल्या होत्या!

"दाजी, धूर!"

"पाणी! पाणी आण!"

विश्वासनं हाताला लागली ती बादली उचलली आणि भिंतीवरून पलीकडं फेकली. आग विझली. जागच्या जागी विझली! पण ती बादली पाण्याची नव्हती. ती चिकणमाती, वाळू आणि राखेच्या काल्याची होती.

पलीकडनं काकींचा आवाज आला. "अगं आई गं! माझ्या वाकळा! सदाऽऽ!"

मी भिंतीवरून डोकं वर काढलं. डोळ्यांवर गॉगल तसाच.

"काकी, आग विजली बगा."

"आग विजली व्हय? आनि ह्यो चिखूल कुनी घातला?"

"पावण्यांनी," मी म्हणालो. (खोटं कशाला बोलू?)

"आदी तो गॉगल काड! सनिमा लागलाय काय हितं?"

नेमकी त्याच वेळी शोभा भाजीची पिशवी घेऊन परसात आली. तिनं भट्टी बघितली, सोनेरी गॉगलमधला भाऊ बघितला आणि मग तिला पाटा दिसला. पाट्याचे दोन्ही तुकडे उचलून तिनं एकमेकांना जुळवून बघितले. मग भिंतीवरून तिची आणि काकींची नजरानजर झाली आणि त्या नजरेत आमचा निकाल लागला.

दुसऱ्या दिवशी मी आणि विश्वास नदीवर वाकळा धूत होतो. भिजलेली वाकळ कधी उचलली आहे? मेलेली म्हैस उचलावी तसं वाटतं! काठावर अण्णा देखरेखीला बसले होते. "कोपरा ऱ्हायला, सदा. तो बी घास. चष्मं विकून हात मऊ झाल्यात तुझं." मग जरा वेळानं, कुणी ऐकत नाही ना ते बघून, त्यांनी हळूच विचारलं, "खरंच आलतं रं लोखंड? दगडातनं?"

"आलंय की अण्णा. मोठा तुकडा शिल्लक हाय अजून."

अण्णांचे डोळे लकाकले. हयातभर फौंड्रीत काढलेला माणूस तो!

त्या दिवशी दुपारी ते फौंड्रीतला एक लोखंडी ठोकळा ढकलगाड्यावर घालून स्वतः आमच्या परसात हजर झाले. "ही तुमची ऐरण. आता मी सांगतो तसं करा. वितळवा त्याला! अख्खं कोल्हापूर लोखंड ओतून खातंय आनि तुमी ठोकत काय बसलाय?"

"अण्णा, ह्यात ओतायचं नसतंय. ठोकायचंच असतंय."

"तू मला लोखंड शिकवनार? तू?"

अण्णांनी ताबा घेतला. सुरक्षेबाबत मात्र मी माघार घेतली नाही. दुकानातनं आणखी गॉगल आणून सगळ्यांना घातले. अण्णांना काळा, भाता दाबायला बसलेल्या काकींना गुलाबी काडीचा. (त्या पहारा करायला आल्या होत्या. पण भाता दिसल्यावर त्यांना राहवेना.) काळ्या काचेतनं सगळेजण भट्टीत बघत होतो. तुकडा काही तापल्यासारखा दिसेना.

"अजून लालच हाय," अण्णा म्हणाले. "मारा वारा!"

काकींनी वारा मारला. अजून लालच. आणखी मारला. एकाएकी भट्टीतनं फुलबाज्या उडायला लागल्या!

"झालं! झालं! काढ भाईर!" अण्णा नाचत ओरडले.

बाहेर काढला तेव्हा तुकडा चांगलाच लहान झाला होता. आमच्या फुलबाज्या म्हणजे आमचंच लोखंड जळत होतं. काळ्या काचेतनं पांढरा रंग लालच दिसणार, हे कुणालाही सुचलं नाही. त्या परसात काचांचा धंदा करणारा माणूस एकच होता, आणि त्यालाही नाही!

शोभा दारात उभी राहून सगळं बघत होती. ती पुढं आली. आधी तिनं माझ्या डोळ्यांवरचा गॉगल काढला आणि त्या जागी माझा साधा चष्मा बसवला. "अहो, आता दिसतंय काय?"

"दिसतंय."

"मग सांडशी नीट धरा. आनि घण ठेवा तिकडं. भाकरी थापताना पिठाच्या गोळ्याला कुणी बुक्की मारतंय काय?"

तिनं लहान हातोडा घेतला. सगळ्यांचे गॉगल उतरले. तुकडा तापला, पिवळा झाला, मग दुपारच्या उन्हासारखा पांढरा. मी तो ठोकळ्यावर धरला आणि शोभानं त्याला नुसतं थोपटलं. थप, थप, थप. आणि बघता बघता त्याच्या भोकाभोकांतनं चकचकीत कीट काकवीसारखं ओघळायला लागलं! पुन्हा भट्टीत, पुन्हा ठोकळ्यावर. कितव्यांदा कोण जाणे, पण एका वेळी आवाज बदलला. 'थप'चं 'ठण्ण' झालं.

काकींचा हात भात्यावर तसाच थांबला. मलकापूरच्या बांधावरचा दगड आमच्या परसात वाजत होता! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. (धूरही होता. पण धूर थोडाच होता.)

"हान की आता!" अण्णा एकदम ओरडले. "गार व्हायलंय!"

मग जे काय सुरू झालं! पट्टी लांबवायची, मधून दुमडायची, तापवून पुन्हा एकजीव करायची. घण अण्णा आणि विश्वासच्या हाती, भाता काकींच्या, हुकूम शोभाचा आणि सांडशी माझ्याकडं. प्रत्येक दुमडीला लोखंड चांगलं होत होतं आणि लहान होत होतं. तलवारीची कट्यार झाली, कट्यारीचा सुरा झाला. आणखी एकदा शुद्ध करूया, असं मी म्हणालो तेव्हा शोभानं सांडशीच काढून घेतली. "ऱ्हावू द्या. न्हायतर पूजेला नुसती शुद्धताच ठेवायला लागंल."

खंडेनवमीला गल्ली लोटली. मधोमध पोवारांची तलवार आणि तिच्या शेजारी आमची, माझ्या तळहाताएवढी सुरी. कुणीतरी हसायला तोंड उघडलं, तोच अण्णा उभे राहिले. यंदा त्यांनी पणजोबांचं नावही काढलं नाही. "ही आमी केली. दगडातनं!" म्हणाले, आणि जे सुरू झाले ते थांबेनात. त्या गोष्टीत घण अण्णांचा होता, हात शोभाचा होता, दम काकींचा होता. मी फक्त पाटा फोडण्यापुरता आलो. तरी मी टाळ्या वाजवल्या. काकींनी तर सुरीला सगळ्यांच्या आधी हळद-कुंकू वाहिलं आणि मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "पुढच्या खेपेला वाकळा वाळल्यावर कर, सदा."

ती सुरी मी दुकानात काउंटरवर ठेवली, येईल त्याला दाखवायला. परवा शिरोळचे एक पाहुणे नंबर काढायला आले. मी त्यांना दगडापासून सगळी हकीकत ऐकवली. शेवटी म्हणालो, "धार तर बघा!" आणि चहाबरोबर आलेलं लिंबू ऐटीत सुरीखाली धरलं.

लिंबाला काही झालं नाही. सुरी वाकली.

पाहुण्यांनी ती माझ्या हातातनं घेतली, दोन बोटांनी दाबून सरळ केली आणि अदबीनं काउंटरवर ठेवली.

"पावणं," ते म्हणाले, "लोखंड लई शुद्ध हाय. पर चष्म्याची फ्रेम तेवढी कंपनीची दावा!"